सांध्याचा सातबारा

कोणी निंदणावरून येऊन हातपाय धुऊन बसल्या असाल, कोणी गटाची बैठक सुरू व्हायच्या आधी रेडिओ लावला असेल.

आज आम्ही खुब्याबद्दल बोलणार आहोत. मांडीचं हाड जिथे कमरेच्या हाडात बसतं, तो खुबा. आपल्याकडे खुबा दुखला तरी बाया म्हणतात, कंबर दुखते. कोणाचा खुबा पडून मोडतो, कोणाचा झिजतो, कोणाचा आजारानं खराब होतो. मग डॉक्टर तो सांधा काढून कृत्रिम सांधा बसवतात. हे आता नवीन राहिलेलं नाही. आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, की कोणाच्या घरी किंवा नात्यात असं ऑपरेशन झालंय, तर दरवेळी दोन-चार हात वर होतात. पण लगेच दुसरा प्रश्न विचारला, की बसवलेल्या सांध्याचा कागद घरात कोणाकडे आहे, तर हात खाली येतात.

आजचं बोलणं त्या कागदाबद्दल आहे. कारण बसवलेला सांधा काही वर्षांनी पुन्हा बदलावा लागू शकतो, आणि त्या वेळी हा कागद लागतो.

आमच्या ओळखीच्या एका मावशीची गोष्ट आधी सांगतो. नाव सांगू नका असं तिनंच म्हटलं, पण गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा म्हणाली. पन्नाशीत असताना मावशी न्हाणीतल्या ओल्या दगडावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरात नेलं, सांधा बदलला. दोन-तीन महिन्यांत ती काठी टाकून चालायला लागली. अकरा वर्षं काही त्रास नाही. लग्नाकार्यात पोळ्या लाटल्या, शेतावर डबे नेले.

मग मांडी दुखायला लागली. बसल्यावर उठून पहिली चार पावलं टाकताना जीव जायचा, नंतर जरा बरं वाटायचं. घरच्यांनी म्हटलं, वय झालं. मावशीनं पण तेच धरलं. मेडिकलमधून गोळी आणायची आणि दिवस काढायचा. अशी दोन वर्षं गेली. एक पाय आखूड वाटायला लागला, पातळाचा काठ एका बाजूनं जमिनीला लागायला लागला, तेव्हा शेजारणीनं विचारलं, "काहून वो, लंगडता काहून?" मग एक्स-रे झाला. मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा सैल होऊन खाली सरकला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आधीचा सांधा कोणत्या कंपनीचा होता? काही कागद आहे का?"

मावशी म्हणाली, "कागद होता जी. पन्नीत गुंडाळून ठेवला होता. घर शाकारलं त्या साली कुठं गेला, मले नाही मालूम."

जुन्या दवाखान्यात विचारलं. एवढ्या जुन्या फायली आम्ही ठेवत नाही, असं उत्तर आलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून अंदाज बांधला, पण खात्री होईना. मावशीचा दांडा सैल होता, वाटी मात्र कमरेच्या हाडात घट्ट होती. त्या वाटीतलं झिजलेलं प्लास्टिकचं अस्तर तेवढं बदललं असतं तर वाटीला हात लावावा लागला नसता. पण वाटी कोणत्या कंपनीची, कोणत्या मापाची, हेच कळेना, त्यामुळे तिच्यात बसणारं अस्तर मागवता येईना. शेवटी घट्ट बसलेली वाटीही काढावी लागली. ऑपरेशन लांबलं, रक्त जास्त गेलं, खर्च वाढला.

यात नवल वाटायला नको. शेतातल्या विहिरीवरची मोटर बिघडली, तर मिस्त्री पहिला प्रश्न काय विचारतो? कोणत्या कंपनीची, किती हॉर्सपॉवरची? एका कंपनीचा पार्ट दुसऱ्या कंपनीच्या मोटरीत बसत नाही. सांध्याचंही तसंच आहे. फरक एवढाच की मोटर विहिरीतून वर काढून तिच्यावरची पाटी वाचता येते. सांध्याचं नाव वाचायचं तर आधी माणूस फाडावं लागतं.

आता सांधा म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ.

आपला खुबा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. वाटी कमरेच्या हाडात असते, गोळा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चा असते, म्हणून हाडावर हाड घासत नाही. बंडीच्या आखाला वंगण असतं, तशी ही देवानं दिलेली सोय. कूर्चा गेली, किंवा गोळ्याचं हाड खराब झालं, की दुखणं सुरू होतं.

कृत्रिम सांध्यात चार भाग असतात. कमरेच्या हाडात बसवलेली धातूची वाटी. त्या वाटीच्या आत अस्तर, बहुतेक वेळा कडक प्लास्टिकचं. त्यात फिरणारा गोळा, धातूचा किंवा सिरॅमिकचा, म्हणजे चिनी मातीच्या जातीच्या खूप कडक पदार्थाचा. आणि तो गोळा ज्याच्यावर बसतो तो दांडा, जो मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकलेला किंवा हाडाच्या सिमेंटनं बसवलेला असतो. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली नावाच्या डॉक्टरांनी १९६२ साली लहान धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी अशी जोडी वापरायला सुरुवात केली, आणि आजचे बहुतेक सांधे त्याच वाटेनं पुढे आलेले आहेत.

हे ऑपरेशन चांगलं आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. खाटेला खिळलेली माणसं त्यानं उठून चालायला लागतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात २०१९ साली बऱ्याच देशांतल्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास छापून आला. त्यात असं दिसलं की १०० जणांचे खुबे बदलले, तर २५ वर्षांनंतरही साधारण ५८ जणांचे तेच सांधे काम देत होते. म्हणजे घाबरून ऑपरेशन टाळायचं कारण नाही. पण उरलेल्यांचं काय? त्यांना दुसरं ऑपरेशन लागलं. आणि पहिलं ऑपरेशन जितक्या तरुण वयात, तितकी दुसऱ्याची शक्यता जास्त, कारण सांध्याला वर्षंही जास्त काढायची असतात आणि कामही जास्त करायचं असतं.

इथे आपल्या भागातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विदर्भात सिकलसेलचा आजार बराच आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या बाजूच्या आदिवासी पोडांवर आणि गावांत तो दिसतो, आणि इतर समाजांतही दिसतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीकच असतात. त्या बंद झाल्या की गोळ्याचं हाड मरतं आणि हळूहळू दबतं. पंचवीस-तीस वर्षांची पोरगी मांडीत, जांघेत दुखतं म्हणते, लंगडते, आणि घरचे म्हणतात कामाचा कंटाळा. सिकलसेल असलेल्या मुलामुलींच्या जांघेत दुखत असेल तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा. लवकर कळलं तर सांधा वाचवण्याचे काही उपाय करता येतात. दारू आणि बराच काळ घेतलेली स्टिरॉइडची औषधं, यांनीही गोळा असाच खराब होतो. गावात येणाऱ्या कोणाकडूनही ताकदीची म्हणून सुई घेताना, तीत काय आहे ते विचारा.

तर तिशीत ज्याचा खुबा बदलला, त्याला पन्नाशीत दुसरं ऑपरेशन लागण्याची शक्यता धरूनच चालावं. त्याच्या घरात तो कागद वीस-पंचवीस वर्षं टिकला पाहिजे.

बसवलेला सांधा खराब कशानं होतो? पाच कारणं मोठी आहेत.

पहिलं, झीज. गोळा अस्तरावर घासून डोळ्यांना न दिसणारा भुगा पडतो. शरीर त्या भुग्याशी भांडायला जातं आणि त्या भांडणात आजूबाजूचं हाडच खाल्लं जातं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. वरून सगळं ठीक, आतून पोकळ. यात सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढायला जायचं.

दुसरं, दांडा किंवा वाटी सैल होणं. मावशीचं हेच झालं. उठताना पहिल्या पावलांना मांडीत किंवा जांघेत दुखणं ही त्याची खूण.

तिसरं, गोळा वाटीतून निखळणं. उकिडवं बसलं, मांडी घातली, खाली वाकून पाय आत वळवला, की निखळण्याची भीती असते.

चौथं, जंतूंची लागण. जखमेतून पाणी किंवा पू येणं, ताप, रात्रीही न थांबणारं दुखणं.

पाचवं, पुन्हा पडणं. दांड्याच्या आजूबाजूचं हाड मोडतं.

आता दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं का नसतं? कारण पहिल्या वेळी डॉक्टरांना चांगलं हाड मिळतं. दुसऱ्या वेळी हाड झिजलेलं, पोकळ झालेलं असतं, आणि आधीचा सांधा काढताना ते आणखी थोडं जातं. कुऱ्हाडीचा दांडा एकदा निघाला आणि भोक मोठं झालं, की तोच दांडा परत बसत नाही. मग आपण काय करतो? जाड दांडा घेतो, नाहीतर पाचर ठोकतो. दुसऱ्या ऑपरेशनसाठी कंपन्या जे वेगळे संच बनवतात, त्यांतही तत्त्व हेच आहे.

त्या संचात लांब दांडे असतात. वरचं हाड खराब असेल तर दांडा खाली, जिथे हाड मजबूत आहे तिथपर्यंत नेऊन घट्ट बसवतात. काही दांडे दोन तुकड्यांचे असतात. खालचा तुकडा हाडात पक्का करायचा, मग वरचा तुकडा पायाची लांबी आणि दिशा पाहून त्यावर जोडायचा. वाट्या मोठ्या मापाच्या असतात, त्यांना स्क्रूसाठी भोकं असतात. टायटॅनियम किंवा टँटॅलम या धातूंच्या काही वाट्या बाहेरून स्पंजासारख्या खडबडीत असतात, म्हणजे आपलं हाड त्या छिद्रांत वाढून वाटीला धरतं. हाडात खड्डा पडला असेल तर त्याच स्पंजासारख्या धातूची पाचर खड्ड्यात बसवतात, किंवा हाडाचे तुकडे भरतात. हाड फारच गेलं असेल तर धातूची जाळी किंवा पिंजरा लावून त्यात वाटी बसवतात. निखळण्याची भीती जास्त असेल तर गोळ्यावर आणखी एक मोठा प्लास्टिकचा गोळा, असं दुहेरी फिरणारं अस्तर वापरतात.

जुना दांडा हाडाला घट्ट चिकटलेला असेल, तर तो काढायला कधीकधी मांडीचं हाड लांबीत उघडावं लागतं आणि नंतर तारेनं बांधावं लागतं. जंतू असतील तर बहुतेक वेळा दोन टप्पे करतात. आधी जुना सांधा काढून जागा साफ करतात आणि औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवतात. काही आठवडे किंवा महिने औषधं चालतात. जंतू गेल्याची खात्री झाली की नवा सांधा. घरच्यांनी हे आधीच समजून घ्यावं, नाहीतर मधल्या काळात वाटतं की ऑपरेशन फसलं.

जंतूंबद्दल एक सूचना. बदललेला सांधा दुखतोय, जखम ओली आहे, आणि कोणी दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून दिल्या, तर त्या घेऊ नका. गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, फक्त दबून बसतात, आणि मग सांध्यातलं पाणी तपासलं तरी कोणता जंतू आहे ते सापडत नाही. आधी सांध्याच्या डॉक्टरांकडे जा, तपासणी होऊ द्या, मग ते सांगतील ती औषधं. ताप जास्त असेल, माणूस गळून गेलं असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आता कागदाकडे परत येऊ. कागद नसला तर किती मोठं नुकसान होऊ शकतं, हे आपल्या देशानं पाहिलेलं आहे.

जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी तुम्हाला बाळाच्या पावडरीमुळे माहीत आहे. तिचीच डेप्यू नावाची कंपनी सांधे बनवते. तिनं एएसआर नावाचा खुब्याचा सांधा काढला. त्यात प्लास्टिकचं अस्तर नव्हतं. धातूच्या वाटीत धातूचा गोळा. टिकाऊ राहील, तरुण माणसांना चांगला, असं तेव्हा वाटलं. पण धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सांध्यात आणि रक्तात जायला लागले. आजूबाजूचं मांस खराब होऊ लागलं, गाठी आणि पाणी साचू लागलं, सांधे सैल झाले. रक्तात हे धातू फार वाढले तर ऐकणं, हृदय, नसा यांवरही परिणाम होऊ शकतो.

हे कळलं कसं? काही देशांत प्रत्येक बसवलेल्या सांध्याची सरकारदरबारी किंवा डॉक्टरांच्या संघटनेकडे नोंद होते. स्वीडनमध्ये खुब्याची अशी नोंदवही १९७९ पासून आहे. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्येही आहे. तिथल्या नोंदींत दिसलं की हा एक सांधा बाकीच्यांपेक्षा फार लवकर बदलावा लागतोय. ब्रिटनच्या आकड्यांत पाच वर्षांत १०० पैकी १२-१३ जणांना दुसरं ऑपरेशन लागलं होतं. त्यातही लहान मापाचे गोळे ज्यांना बसवले त्यांना धोका जास्त, आणि लहान माप कोणाला लागतं? बहुतेक बायांना. ऑस्ट्रेलियात कंपनीनं डिसेंबर २००९ मध्ये विक्री थांबवली आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून हा सांधा परत बोलावला. तोवर जगात सुमारे ९३,००० सांधे बसवून झाले होते.

भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. मुंबईतल्या रुग्णांनी आवाज उठवला, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं कंपनीविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदवला. पण केंद्र सरकारनं डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली ती थेट २०१७ साली. समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात सांगितलं की प्रत्येक रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाई द्यावी. पुढे सरकारनं वय आणि अपंगत्व पाहून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं गणित ठरवलं. ते कंपनीला मान्य नव्हतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि मे २०१९ मध्ये, दुसरं ऑपरेशन झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये द्यायला कंपनी तयार झाली.

आता आकडे नीट ऐका. ऑपरेशनं झाली सुमारे ४,७००. त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कोण, कुठल्या गावचे, जिवंत आहेत का, कोणालाच माहीत नाही. त्यांच्यात आपल्यासारख्या गावांतल्या बाया असतील. खुबा दुखतोय, वय झालं म्हणून गोळी खात असतील. आपल्या आत बसवलेला सांधा परत बोलावलाय, हे त्यांना कधी कळलंच नसेल. आणि कळलं असतं, तरी आपला सांधा तोच आहे हे त्या कशानं दाखवणार होत्या? भरपाई मागायला कागद लागतो. वावर आपलं आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी कचेरीत सातबारा मागतात. तसंच हे आहे.

म्हणून मैत्रिणींनो, सांध्याचा सातबारा घरात पाहिजे. तो मिळवायचा कसा?

सांधा ज्या खोक्यात येतो, त्या खोक्यात चिकटवायच्या लहान चिठ्ठ्या असतात. प्रत्येक भागाच्या वेगळ्या. वाटीची वेगळी, अस्तराची वेगळी, गोळ्याची वेगळी, दांड्याची वेगळी. त्यावर कंपनीचं नाव, भागाचं नाव, माप, आरईएफ लिहिलेला नंबर आणि लॉट किंवा सिरीयल नंबर असतो. दवाखान्यात त्या केसपेपरवर चिकटवतात. खोक्यात चिठ्ठ्या एकापेक्षा जास्त असतात, म्हणून आपल्या कागदावरही एक संच चिकटवून मागता येतो. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, "सर, सांध्याची स्टिकरं आमच्या सुट्टीच्या कागदावर लावून द्या." यात भीड बाळगायचं कारण नाही. ज्यासाठी आपण पैसे मोजतो, किंवा सरकार आपल्या नावानं मोजतं, त्याचं नाव विचारणं हा आपला हक्क आहे. शिलाई मशीन घेतली तरी आपण वॉरंटीचं कार्ड मागतोच की.

सोबत चार कागद ठेवा. सुट्टीचा कागद, ज्याला डिस्चार्ज कार्ड म्हणतात. ऑपरेशनमध्ये काय केलं त्याची नोंद. सांध्याचा भाव वेगळा लिहिलेलं बिल. आणि ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे. हा पहिला एक्स-रे फार कामाचा, कारण पुढे दांडा सरकला की नाही हे त्याच्याशी ताडूनच कळतं. एक्स-रेची फिल्म घडी घालून ठेवू नका, उन्हात ठेवू नका. सगळ्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवा, कारण फोन पाण्यात पडतो, हरवतो. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिथे सातबारा, आधार आणि बँकेचं पुस्तक ठेवता, तिथेच ठेवा. घर शाकारताना, रंग देताना ती पिशवी आधी बाजूला काढा.

ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय आणि कागद नाही, त्यांनी काय करायचं? ज्या दवाखान्यात झालं तिथे लेखी अर्ज द्या. नाव, गाव, ऑपरेशनचा महिना आणि साल लिहा. अर्जाची पोच घ्या. आपली बाई एकटी गेली तर तिला बाहेरच बसवतात, म्हणून गटातल्या दोघी-तिघी सोबत जा. फायली फाडल्या जाण्याच्या आधी मिळाल्या तर मिळाल्या. दुखायला लागेपर्यंत वाट पाहू नका. खास करून २००४ ते २०१० या काळात खुबा बदलला असेल तर हे काम याच महिन्यात करा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की सांधा धातूवर धातूचा होता का.

आमच्या गटानं आणखी एक केलं. बचतीच्या वहीशेजारी एक लहान वही ठेवली. गावात ज्यांच्या अंगात सांधा, सळई, प्लेट बसवली आहे, त्यांच्या परवानगीनं त्यांचं नाव, साल, दवाखाना, कंपनी, नंबर लिहिला. चार-पाच नोंदी झाल्या. फार काम नाही. पण मावशी म्हणाली, "मह्या वेळी अशी वही असती, तर वाटी वाचली असती."

खर्चाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत हे ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात बसतं, पहिलं बसतं की दुसरंही, हे आधी विचारून घ्या. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. योजनेचा फुकट फोन नंबर आहे १५५३८८. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे हाडांचे विभाग आहेत, तिथे दाखवून सल्ला घेता येतो. दुसरं ऑपरेशन मोठं असतं. ते ज्यांनी बऱ्याच वेळा केलंय अशा डॉक्टरांकडे करावं. "असं दुसऱ्यांदाचं ऑपरेशन तुमच्याकडे होतं का, लागणारे सगळे भाग आणि रक्त तयार असतील का?" एवढं नक्की विचारा.

सांध्यामुळे त्रास झाला असं वाटलं, तर त्याची तक्रार नोंदवायचीही सोय देशात २०१५ पासून आहे. १८००-१८०-३०२४ हा तो फुकट नंबर. तुम्ही स्वतः फोन करू शकता, डॉक्टरच पाहिजे असं नाही. त्या वेळीही ते विचारतील, सांधा कोणता, नंबर काय.

घरी जपायच्या गोष्टी थोडक्यात. सांधा बदललेल्या माणसाला उकिडवं बसवू नका, खाली मांडी घालायला लावू नका. मधे भोक असलेली संडासची खुर्ची आणा. चूल ओट्यावर घ्या. न्हाणीत धरायला दांडी लावा, ओला दगड खरवडून घ्या, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टर काही जणांना हळूहळू सूट देतात, पण दुसऱ्या ऑपरेशननंतर निखळण्याची भीती जास्त असते, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय काही करू नका. आणि घरातली बाई उठताना लंगडते, मांडी धरते, पाय आखूड वाटतो म्हणते, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मावशीची दोन वर्षं त्यातच गेली. त्या दोन वर्षांत दांडा हलत राहिला आणि हाड खात राहिला.

मावशी आता कशी आहे, हे विचारायचं राहिलं का? ती चालते. हातात काठी आहे, आणि ती काठी आता सुटणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. वावरात जात नाही, पण गटाच्या बैठकीला येते. तिच्या नव्या सांध्याची स्टिकरं तिच्या सुनेनं सुट्टीच्या कागदावर लावून घेतली, आणि कागद लोखंडी पेटीत, सातबाराच्या खाली ठेवला. पेटीची किल्ली मावशीकडेच असते.

आज घरी गेल्यावर तुम्हीही एकदा पेटी उघडून पाहा. सासूचा, आईचा, जावेचा, स्वतःचा कागद आहे का बघा. नसेल तर उद्याच अर्ज लिहायला घ्या. लिहिता येत नसेल तर गटात या, आम्ही लिहून देतो.

नमस्कार.